वस्तूंनाही माहेर असते

(मंडळाच्या वर्धापनदिनी नारायणगाव येथे दिलेले भाषण)



मी याच गावची लेक. मीनेच्या काठी माझे बालपण गेले आणि मुक्ताबाईच्या यात्रेतील रेवड्या खाऊन मी मोठी झाले. त्यामुळे आज मला 'प्रमुख पाहुण्या' म्हणून खुर्चीवर बसविले तेव्हा जरा अवघडल्यासारखेच झाले. माहेरी आलेल्या मुलीला कोणी पाहुणी म्हणते का?

चिटणीसबाईंनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी कळविले, 'संग्रहालयातील वस्तू ज्यांच्या त्यांना परत करण्याचे काम.' त्यावर त्यांचे उत्तर आले, 'विषय चांगला आहे, पण बायकांना जरा जवळचा वाटेल असा असता तर बरे.' मला हसू आले. देव्हारा, लग्नकार्य, कुळाचार आणि आजेसासूच्या हातची वस्तू यांहून बायकांना जवळचे असे आणखी काय असते? माझे सारे काम त्याच गोष्टींभोवती फिरत आले. तेव्हा विषय मी बदलला नाही. तो जवळचा आहे की नाही, हे आपण शेवटी ठरवावे.

पुण्याच्या एका संग्रहालयात मी एकतीस वर्षे नोकरी केली. आमचा विभाग नोंदणीचा. संग्रहालयात येणाऱ्यांना कपाटातली वस्तू दिसते. आमचे काम वहीतले. वस्तू आली की तिला क्रमांक द्यावयाचा, तो तिच्या अंगावर सहज न दिसेल अशा जागी बारीक अक्षरात लिहावयाचा, आणि मग मोठ्या जाड वहीत रकाने भरावयाचे: वर्णन, माप, वजन, कोठून आली, कशी आली, आणि शेवटी 'शेरा'. बहुतेक वस्तूंचा शेऱ्याचा रकाना कोराच असतो. त्या कोऱ्या रकान्याविषयीच आज मला बोलावयाचे आहे.

परंतु आधी आपल्या तालुक्यातली एक जागा आठवू. जुन्नरहून पश्चिमेस गेले की नाणेघाट लागतो. पावसाळ्यात सहलीला आपल्यापैकी पुष्कळजणी गेल्या असतील. तेथील दगडी रांजण पाहिला असेल, वारा खाल्ला असेल, कणसे खाल्ली असतील. घाटाच्या तोंडाशी जी गुहा आहे, तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक मोठा लेख कोरलेला आहे. तो सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा. दोन हजार वर्षांपूर्वीचा. तिने आणि तिच्या यजमानांनी कोणते यज्ञ केले, किती गाई, घोडे, हत्ती आणि नाणी दान दिली, याचा तो हिशेब आहे. आपणही लग्नातला आहेर वहीत टिपून ठेवतो. राणीने दगडात टिपून ठेवला.

त्याच गुहेच्या मागच्या भिंतीत राजघराण्याच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आज तेथे मूर्ती नाहीत. भिंतीशी कोठे कोठे पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. पण वर नावे मात्र शाबूत आहेत. येथे राजा सिमुक सातवाहन, येथे देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, येथे अमुक कुमार, असे आजही वाचता येते. मूर्ती गेल्या, नावे राहिली.

संग्रहालयात मी जन्मभर याच्या उलट पाहिले. तेथे वस्तू आहे, काचेत आहे, स्वच्छ आहे, तिच्यावर दिवा सोडलेला आहे. आणि नाव गेले आहे. कोणाची, कोणी केली, कोणत्या दिवशी बाहेर काढीत, कोणाच्या मांडीवर ठेवून पूजा होई, काही ठाऊक नाही.

आता मी माझीच एक गोष्ट सांगते. ती सांगताना मला अभिमान वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

१९९४ च्या थंडीतली गोष्ट. दुपारी पहारेकरी धावत वर आला. म्हणाला, "बाई, खाली या. एक म्हातारी कपाटापुढे चपला काढून बसली आहे, उठत नाही. काचेला हळदकुंकू लावते म्हणते."

मी खाली गेले. सत्तरीच्या घरातली आजी, हिरवे लुगडे, कपाळावर गोंदण. शेजारी तिचा मुलगा ओशाळून उभा होता. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, डोळा दाखविण्यासाठी पुण्यास आली होती. परतीच्या गाडीला अवकाश होता म्हणून मुलाने सहज आत आणले. महादेव कोळ्यांचे घर, नाणेघाटाच्या वाटेवरची वाडी. म्हणजे माझ्याच तालुक्यातली माणसे.

कपाटात टाकांची रांग होती. टाक आपणांस सांगावयास नकोत. खंडोबा, भैरोबा, देवी, आणि घराण्यात जो कोणी लढून किंवा अवचित गेला त्याचा घोड्यावरचा वीर. दसरा जवळ आला की आपण ते सोनाराकडून उजळून आणतो. त्या रांगेतल्या एका वीराकडे बोट दाखवून आजी म्हणाली, "बाई, ह्यो आमचा हाय."

मी नोकरीतले ठराविक उत्तर दिले. "आजी, असे टाक पुष्कळ असतात. एकासारखा एक दिसतो."

तिने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "म्होरून एकासारखा एक दिसंल. मागं तांब्याची ठिगळ हाय बघा. वरल्या अंगाला. माझ्या सासऱ्यानं मारून घेतली व्हती."

कपाटात टाक मखमलीवर बसविलेला, मागची बाजू कोणालाच दिसण्यासारखी नव्हती. मी किल्ली आणली, कपाट उघडले, टाक उलटा केला. वरच्या कोपऱ्यात नखाएवढी तांब्याची ठिगळ होती.

भगिनींनो, त्या क्षणी मला फार शरम वाटली. नोकरीला लागल्यापासून तेरा वर्षे तो टाक मी दरवर्षी पुसून ठेवीत होते. ती ठिगळ मी अनेकदा पाहिली होती. पण ती कोणी मारली, हे विचारावे असे मला एकदाही वाटले नव्हते. वहीत काय लिहिले होते? 'चांदीचा टाक, अश्वारूढ वीर. जुन्नर भाग. खरेदी, १९७३.' बस्स. शेरा कोरा.

मग आजीने हकीकत सांगितली. १९७२ च्या दुष्काळाची. आपल्यापैकी ज्या वडीलधाऱ्या आहेत त्यांना तो आठवत असेल. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. घरात तीन पोरे. तिच्या नवऱ्याने देव्हाऱ्यातला वीर जुन्नरच्या बाजारात नेऊन मोडीच्या भावाने दिला आणि ज्वारी आणली. "त्यानं पोरं जगवली," आजी म्हणाली. "वीरच व्हता तो. पण तवापासनं आम्ही सुपारी मांडतो आन् तिला वीर म्हणतो."

मी म्हणाले, "आजी, नवा टाक का नाही केला?" ती म्हणाली, "जुना झिजला का पाण्यात सोडायचा, मंग नवा घालायचा. ह्यो तर सोडलाच न्हाई. जुना दुसऱ्याच्या दारात आसताना नवा कसा घालू?"

ती टाक परत मागत नव्हती. धाकट्या मुलाचे लग्न ठरले होते. हळदीच्या दिवशी वीर देवकात हवा, एवढेच तिचे मागणे. "एक दिस द्या. दुसऱ्या दिशी माझा ल्योक आणून देईल. आमी गरीब हाय, पर खोटं न्हाई."

मी अर्ज लिहिला. ठिगळीची हकीकत लिहिली. वरिष्ठांनी तो समितीपुढे ठेवला. उत्तर आले की, वस्तू रीतसर खरेदी केलेली आहे, पावती आहे, विकणाऱ्याचे नाव व्यापाऱ्याचे आहे. अर्जदाराजवळ कागदोपत्री पुरावा नाही. आणि संग्रहातील वस्तू धार्मिक कार्यासाठी बाहेर देण्याची तरतूद नाही. समितीतली माणसे दुष्ट नव्हती. एकाला दिले तर उद्या शंभरजण येतील, ही त्यांची भीती खरी होती. वस्तू हरवली तर जबाबदार कोण, हा प्रश्नही खरा होता. पण दुष्काळात देव विकणाऱ्या माणसाने पावती कोठून आणावी, या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळच नव्हते, आणि मीही तो प्रश्न मोठ्याने विचारला नाही. नोकरी होती, घर होते, मुले शिकत होती. मी गप्प बसले.

मी दोन गोष्टी मात्र केल्या. एक म्हणजे त्या वहीत, त्या कोऱ्या रकान्यात, शाईने लिहिले: कोणत्या वाडीचा, कोणाच्या घराचा, कोणत्या साली, कशासाठी विकला, मागची ठिगळ कोणी मारली, आणि आजीने तो कोणत्या दिवशी न उलटता ओळखला. त्याबद्दल मला बोलणी बसली. दुसरी म्हणजे टाकाचे समोरून आणि मागून असे दोन फोटो काढवून घेतले आणि हळदीच्या दिवशी वाडीवर घेऊन गेले. आजीने फोटो देवकात सुपारीशेजारी ठेवला. मी म्हणाले, "आजी, मला याहून जास्त जमले नाही." ती म्हणाली, "ह्यो कागदच हाय, बाई. पर त्यो कुठं हाय, ते तरी आमाला ठावं झालं."

पुढे दोन वर्षांनी आजी गेली.

ही गोष्ट मी पुष्कळ वर्षे कोणाला सांगितली नव्हती. पण मधल्या काळात जग बरेच बदलले. ज्या वस्तू मूळ ठिकाणाहून गेल्या, त्या परत करण्याविषयी मोठमोठी संग्रहालये बोलू लागली. आपल्या कानावरही त्या बातम्या आल्या आहेत. मी त्या सर्व वाचते, आणि माझ्या असे ध्यानात आले आहे की वस्तू चार वाटांनी परत येते: उसनी, विकत, मनाने आणि पुराव्याने.

उसनी आली ती वाघनखे. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला ती काय आहेत हे सांगावयास नको. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती जुलै २०२४ मध्ये आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात प्रथम मांडली गेली. ती तीन वर्षांच्या करारावर आली. ती साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफ याच्या घराण्याकडून त्या संग्रहालयाला मिळाली. तिच्यासोबत पेटी आहे, पेटीवर मजकूर आहे. पण त्या मजकुरात अफझलखानाला मोगलांचा सेनापती म्हटले आहे! खान विजापूरचा, हे आपल्याकडचे चौथीतले पोर सांगेल. १६५९ साली प्रतापगडाखाली चालली ती वाघनखे हीच, असे खात्रीने सांगता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच म्हणते. पाहा, दूरच्या माणसाने घाईने लिहिलेली नोंद किती उपयोगी पडते ते. दर्शनाला गर्दी लोटली, ती श्रद्धेने. शंका राहिली, ती नोंदीने.

विकत आली ती नागपूरकर रघूजीराजे भोसल्यांची तलवार. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला ती लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांना ती घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. ती रघूजीराजांचीच, हे कशावरून? तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या अक्षरांत देवनागरीत त्यांचे नाव आहे. नाव बरोबर राहिले म्हणून ती ओळखली गेली.

मनाने आली ती काशीची अन्नपूर्णा. ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९१३ साली नॉर्मन मॅकेन्झी नावाचे कॅनडाचे एक वकील हिंदुस्थानच्या प्रवासाला आले. काशीला गंगेच्या घाटावरील एका देवळीतली मूर्ती त्यांच्या मनात भरली. त्यांची इच्छा ऐकून कोणी एकाने ती चोरून त्यांना आणून दिली. त्यांच्या मागे ती तेथील रेजायना विद्यापीठाच्या संग्रहात राहिली आणि तिच्यापुढे नाव लागले 'विष्णू'. शंभर वर्षे! २०१९ साली दिव्या मेहरा नावाच्या चित्रकर्ती तो संग्रह पाहावयास गेल्या. त्यांच्या लक्षात आले की ही स्त्री आहे, आणि हिच्या हाती वाटी आहे. तज्ज्ञांनी पाहून सांगितले की एका हाती खिरीचे पात्र आणि दुसऱ्या हाती पळी, ही अन्नपूर्णा. जिच्या हातात पळी आहे तिला विष्णू म्हणावे, ही चूक पंडितांकडूनच व्हायची. आपल्यापैकी कोणीही ती पाच मिनिटांत दाखवून दिली असती. विद्यापीठाने चोरीचा माल आहे असे कळताच आपणहून ती परत केली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये काशी विश्वनाथाच्या आवारात तिची स्थापना झाली.

आणि पुराव्याने आली ती लोखरीची योगिनी. उत्तर प्रदेशात लोखरी या गावी योगिनींच्या दगडी मूर्ती होत्या. कोणाचे तोंड म्हशीचे, कोणाचे शेळीचे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी त्यांतल्या काही चोरीस गेल्या. शेळीच्या तोंडाची योगिनी इंग्लंडमध्ये एका घराच्या बागेत उभी सापडली. ती लोखरीचीच, हे कसे कळले? विद्या दहेजिया नावाच्या विदुषींनी गावोगाव हिंडून योगिनींच्या देवळांचा अभ्यास केला होता आणि १९८६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. चोर विसरले, पोलीस विसरले, पण एका बाईची नोंद टिकली. १४ जानेवारी २०२२ रोजी, आपल्या संक्रांतीच्या दिवशी, लंडनमध्ये ती मूर्ती भारताच्या ताब्यात देण्यात आली. हळदीकुंकवाला याहून मोठे वाण कोणते!

या चारही वाटांनी वस्तू देशात येते. पण देशात येणे आणि घरी येणे एकच नव्हे. लोखरीचीच म्हशीच्या तोंडाची योगिनी २०१३ मध्ये पॅरिसहून परत आली, ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवली गेली, गावी नाही. अशी वस्तू सुरक्षित राहते, लाखो लोक पाहतात, हे मला मान्य आहे. पण जे लोक तिला देव मानत होते, त्यांना कोणी विचारले का, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत चिकाटीने विचारला तो आदिवासींनी. अमेरिकेत झुनी नावाची एक जुनी जमात आहे. त्यांचे जुळे युद्धदेव लाकडाचे असतात. ते डोंगरावर उघड्यावर ठेवावयाचे आणि ऊनपावसात हळूहळू मातीला मिळू द्यावयाचे, अशी त्यांची रीत. त्या मातीत मिळण्यातच देवाचे काम आहे, अशी त्यांची समजूत. गोऱ्या संग्राहकांनी ते देव उचलून काचेच्या कपाटांत नेले. १९७८ पासून झुनी लोकांनी एकेका संग्रहालयाकडे मागणी सुरू केली आणि साठाहून अधिक देव परत मिळविले. १९९० साली तेथे कायदाही झाला की मूळ रहिवाशांच्या पूर्वजांच्या अस्थी व पवित्र वस्तू त्यांना परत द्याव्यात. संग्रहालयाची माणसे प्रथम म्हणाली, 'अहो, तुम्ही ते उघड्यावर ठेवाल, कुजून जातील.' झुनी म्हणाले, 'कुजण्यासाठीच ते आहेत.'

हे मी वाचले तेव्हा मला आजीची आठवण आली. 'जुना झिजला का पाण्यात सोडायचा.' आपण दहा दिवस गणपतीची आरती करतो आणि त्याला पाण्यात सोडतो. वस्तू टिकविणे हा जपण्याचा एक प्रकार झाला. वस्तूचे जे व्हावयाचे ते होऊ देणे हाही दुसरा प्रकार आहे. हे आपल्याला शिकवावे लागत नाही. संग्रहालयाच्या लोकांना, म्हणजे आम्हाला, ते शिकावे लागले.

आपल्याच देशातल्या नागा लोकांच्या पूर्वजांच्या अस्थी अजून ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत आणि त्या परत आणण्यासाठी नागा मंडळी गावोगाव वडीलधाऱ्यांना विचारीत फिरत आहेत, की त्या आल्यावर त्यांचे काय करावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर इंग्लंडमध्ये एका नागा माणसाची कवटी लिलावात निघाली होती. आरडाओरडा झाला तेव्हा ती मागे घेतली. कोणाच्या तरी आजोबांचे डोके, आणि त्यावर किंमत!

माझे बोलणे ऐकून कोणी असे समजू नये की संग्रहालये वाईट. पुण्याचे दिनकर केळकर व कमलाबाई यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, फण्या, भांडी अशा घरगुती वस्तू जमविल्या. सुमारे वीस हजारांचा तो संग्रह पुढे सरकारला दिला. मी तेथे कधी नोकरीस नव्हते, म्हणून मोकळ्या मनाने सांगते, त्यांनी जमविल्या नसत्या तर आज त्यांतल्या पुष्कळ वस्तू तांबटाच्या भट्टीत गेल्या असत्या. आजीचा टाकही त्या व्यापाऱ्याने आटविला असता तर तो वितळूनच गेला असता. संग्रहालयाने तो वाचविला हे खरे. पण वाचविताना नाव विचारले नाही, हेही खरे.

आता या साऱ्यातून आपल्या मंडळाने काय घ्यावयाचे? मी एक मागणे घेऊन आले आहे. लेकीने माहेरी येऊन मागावे तसे मागते. मंडळाने एक वही घालावी.

त्या वहीत गावातल्या जुन्या वस्तूंची नोंद व्हावी. घरोघरचे टाक, वेशीजवळचे वीरगळ, जुनी समई, बाळंतिणीची खाट, धान्य मोजण्याची पायली, आणि आपले गाव ज्यामुळे महाराष्ट्राला ठाऊक झाले त्या तमाशाच्या फडांतल्या वस्तू: ढोलकी, चाळ, फेटे, पेट्या. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, सारा महाराष्ट्र त्यांच्यासाठी वेडा झाला. पण फडातल्या साध्यासुध्या बाईने वापरलेले चाळ कोणाचे, कोणी ओवले, हे आज न लिहिले तर वीस वर्षांनी कोणत्या तरी कपाटात 'घुंगरू, एक जोडी, महाराष्ट्र' एवढेच लिहिलेले सापडेल.

नोंद कशी करावी ते सांगते. वस्तूचे घरातले नाव लिहावे, पुस्तकी नको. लांबी व वजन लिहावे. फोटो समोरून एक, मागून एक, आणि मागचा विसरू नये. खूण बहुधा मागे असते. कोठे चीर, कोठे डाग, कोठे ठिगळ, ते लिहावे. कोणाकडून कोणाकडे आली, कोणत्या सणाला बाहेर निघते, कोणी हात लावावयाचा आणि कोणी नाही, ते लिहावे. काही घरांत काही वस्तू बाहेरच्याला दाखवत नाहीत. तेथे आग्रह करू नये, 'दाखविण्याची रीत नाही' एवढेच लिहावे. तीही नोंदच आहे. वहीच्या दोन प्रती असाव्यात आणि त्या दोन निरनिराळ्या घरी असाव्यात. आणि ही वही चारचौघांत वाचावयाची नव्हे, की फोनवरून सगळ्यांना धाडावयाची नव्हे. नाही तर आपणच चोराला पत्ता दिल्यासारखे होईल.

कायदाही थोडा माहीत असावा. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. चोरी झाली तर ताबडतोब फिर्याद द्यावी आणि फिर्यादीला फोटो जोडावा. फोटो नसेल तर पोलिसांनी तरी शोधावे काय? 'देवीची मूर्ती, काळ्या दगडाची' या वर्णनाच्या मूर्ती या देशात हजारोंनी आहेत.

आणि वीरगळांना ऑइलपेंट फासू नका, एवढे हात जोडून सांगते. प्रेमानेच फासतात, मला ठाऊक आहे.

आजीच्या टाकाचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. माझी नोकरी संपली. दोन वर्षांपूर्वी त्या घरातला नातू, आता शिकलेला, ते दोन फोटो घेऊन संग्रहालयात गेला आणि त्याने नव्याने अर्ज दिला. तेथे आता नवी मुलगी माझ्या जागी आहे. तिने जुनी वही काढली, क्रमांक शोधला आणि शेऱ्याचा रकाना वाचला. तिने मला फोन केला आणि विचारले, "बाई, हे अक्षर तुमचे का?" मी म्हणाले, "माझेच." ती म्हणाली, "या वेळी पुरावा नाही असे कोणाला म्हणता येणार नाही."

अर्ज अजून निकालात निघालेला नाही. टाक अजून तेथेच आहे. मी खोटी आशा दाखवीत नाही. कदाचित उसना मिळेल, कदाचित सणाच्या दिवशी घरच्यांना तेथे जाऊन पूजा करू देतील, कदाचित काहीच होणार नाही. पण वस्तूला आता नाव आहे. सासरी कितीही दूर दिलेली असो, जिच्या माहेरचा पत्ता कोणाला तरी ठाऊक आहे, ती मुलगी पोरकी नसते.

निघताना मी या मंडळासाठी एक वही आणली आहे. साधीच आहे, दोनशे पानी. पहिल्या पानावर मी माझ्या आईच्या दुधाच्या चरवीची नोंद केली आहे. मागच्या बाजूला तिच्या हातून पडल्याचा पोचा आहे, तोही लिहिला आहे. पुढची पाने कोरी आहेत. ती आपण भरावीत.